आधी रुमाल सोडले, मग यादी केली: एका मोडी दप्तराच्या डिजिटायझेशनचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातले आहे. संस्था, दप्तर देणारे घराणे आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत, काही बारीक तपशीलही बदलले आहेत. कामाचा क्रम, चुका आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. दुर्मीळ संग्रह माझ्याकडे होता आणि सहायक ग्रंथपाल म्हणून यातल्या बऱ्याच कागदांवर माझीच सही आहे.

संग्रह तीन प्रकारचा. एका सरदार घराण्याने दिलेले मोडी दप्तर, सुमारे साठ रुमाल. त्याशिवाय पोथ्या. आणि छापील ऐवज: संस्थानी काळातली गॅझेटे, मासिकांचे सुटे अंक, जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली याच गावात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्याआधी बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. त्यामुळे अशा पुस्तिका कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांतल्या ट्रंकांमध्ये असत आणि देणगीतून आमच्याकडे येत. गॅझेटांना वाचक कायम असतो. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा हुकूम करवीरच्या गॅझेटातच छापला गेला होता, आणि तो ‘मूळ पानावर’ बघायला दरवर्षी विद्यार्थी येतात.

या लेखात मी मोडी दप्तराबद्दलच लिहिणार आहे. छापील ऐवजाचे काम फारसे न अडता झाले, पोथ्यांचे ठीक झाले. घोळ झाला तो रुमालांत.

ज्यांनी रुमाल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चौकोनी, बहुधा लाल किंवा मळखाऊ रंगाच्या कापडात कागदांचा गठ्ठा ठेवून चारही टोकांची गाठ मारतात, तो रुमाल. आत पत्रे, हिशेबाचे बंद (म्हणजे लांबट कागद), ताकिदी, याद्या, सनदांच्या नकला. कागद बहुतेक हातकागद, उभा आणि अरुंद, घड्या घातलेला. एखादा मजकूर लांब असेल तर कागदाला कागद चिकटवत नेलेला. मधूनमधून वेखंडाचे तुकडे. आणि कागद उलगडला की अजूनही अंगठ्याला वाळू लागते. शाई टिपायला तेव्हा वाळू टाकत, तीच ही. पहिल्यांदा ती बोटाला लागली तेव्हा मला दिवसभर दुसरे काही सुचले नव्हते.

अडचण काय होती

कोल्हापूरचा पावसाळा कागदाला सोसत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आमच्या खोलीतला आर्द्रतामापक ७५ च्या खाली क्वचित येई, आणि ६५ टक्क्यांच्या वर बुरशीला फावते. वातानुकूलन होते, पण ते कचेरीच्या वेळात चालू आणि संध्याकाळी साडेपाचला बंद. रात्री खोली पुन्हा दमट. दिवसा कोरडा, रात्री ओला, असे रोज होण्यापेक्षा एकसारखा दमट कागद परवडतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

रुमाल उघडला की दरवेळी थोडा भुगा खाली पडे. घड्यांवर कागद तुटत होता. काजळीची शाई पाणी लागले की फुटते. एकोणिसाव्या शतकातल्या काही कागदांवर लोखंडाच्या क्षारांची शाई होती, तिने अक्षरांच्या जागी कागदच जाळला होता. आणि पूर्वी कोणीतरी सद्भावनेने चिकटपट्टी लावलेली, ती तपकिरी होऊन आत उतरलेली. म्हणजे वाचकाला मूळ कागद देणे बंद करायचे, तर त्याच्या हातात दुसरे काहीतरी द्यायला हवे.

त्यातच २०२३ साली राज्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी जाणणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत हवीहवीशी झाली. आमच्याकडेही लोक येऊ लागले. गावाचे नाव सांगत, आडनाव सांगत, “आमच्या पणज्याचं काय निघतंय का बघा की” म्हणत. त्यांची घाई खरी होती. पण आमच्या दप्तराला यादी नव्हती. देणगीच्या वेळची वही होती, तिच्यात ‘रुमाल १: जुने कागद’, ‘रुमाल २: जुने कागद’ असे साठ वेळा लिहिलेले.

आणि निधी आला डिसेंबरात. ३१ मार्चपर्यंत खर्च करायचा.

कोणते पर्याय पुढे होते

पहिला पर्याय बाहेरच्या एजन्सीचा. दर पानामागे पैसे, महिन्याभरात काम संपवतो म्हणाले. नमुन्यादाखल त्यांनी केलेले एक दप्तर आम्ही पाहिले. घड्या न उघडताच काढलेली पाने त्यात होती. दोष कामगारांचा नव्हता. पानावर पैसे मिळत असतील तर घडी ओलसर हवेत दहा मिनिटे सैल होऊ देणारा माणूस तोट्यात जातो.

दुसरा, वरून स्कॅन करणारे तयार यंत्र विकत घेणे. निम्मा निधी त्यातच जात होता, आणि दुरुस्तीला माणूस मुंबईहून. छापील ग्रंथांना ते उत्तम. घड्यांच्या, वळलेल्या, हातभर लांब बंदांना ते उपयोगाचे नव्हते.

तिसरा, आपल्याच खोलीत उभा स्टँड, कॅमेरा आणि दोन दिवे. आम्ही हाच घेतला आणि आजही मला तो बरोबर वाटतो. या निर्णयाच्या वेळी चर्चा झाली ती सगळी यंत्रांची. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, लेन्स कुठली, फाइल कसली. रुमाल कोणी उघडायचा, कोणत्या क्रमाने, कागदावर क्रमांक कोणी टाकायचा, यावर त्या दोन तासांच्या बैठकीत एक वाक्य झाले नाही. मी इतिवृत्त नंतर दोनदा तपासले. खरेच नव्हते.

टेबल उभे राहिले

हा भाग मला आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टँड आणि पोथीसाठीचा व्ही आकाराचा पाळणा शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. बाहेरून मागवायची किंमत ऐकून ग्रंथपाल सर म्हणाले होते, इंजिनाचे भाग ओतणाऱ्या गावात एक खांब मिळणार नाही का? मिळाला. लोखंडी पायावर जाड नळी, तिच्यावर वर-खाली सरकणारा हात, चाकाने फिरवायचा. कारागिराने कागदावरच्या आकृतीत एक चूक काढून दिली: कॅमेऱ्याचे वजन पुढे येते, म्हणून पाया मागे नव्हे, पुढे लांब हवा. पाळणा शंभर अंशांत उघडतो, म्हणजे बांधलेली वही सपाट दाबावी लागत नाही.

दोन एलईडी दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद, खिडकीला काळे कापड. पंखाही बंद, कारण त्याने कागद हलतो आणि स्टँडही थरथरतो. मार्च-एप्रिलमध्ये त्या खोलीत बसणे किती कठीण होते हे ज्यांनी केले त्यांनाच माहीत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे लांबीला ६००० आणि रुंदीला ४००० पिक्सेल. गणित सोपे आहे: चौकटीत १५ इंच लांबी बसवली तर ६००० भागिले १५, म्हणजे इंचाला ४००. मोडीच्या बारीक वळणाला ४०० पुरतात. २० इंच बसवले तर ३०० वर येतो, तेही चालते. त्याहून लांब बंद असेल तर तुकड्यातुकड्यांत, प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा चार बोटे भाग पुन्हा घेऊन. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचे माप) ८, आणि प्रत्येक रुमालाच्या सुरुवातीला २४ रंगांची पट्टी व मोजपट्टी यांचा एक फोटो, म्हणजे पुढे कधीही रंग आणि माप पडताळता येते.

हातमोजे घालायचे नाहीत असे ठरवले. सुती मोज्यात कागदाची कड जाणवत नाही आणि जीर्ण टोक अडकून तुटते. हात धुवायचे, कोरडे करायचे, बस्स. यावर देणगीदार घराण्यातले एक काका नाराज झाले होते. टीव्हीवर सगळे मोजे घालतात म्हणाले. त्यांना शेजारी बसवून एक कागद दोन्ही प्रकारे उचलायला दिला, मग पटले.

पहिला टप्पा आणि ‘मोकळी’ पाने

फोटो काढायला राजारामपुरीतला एक तरुण छायाचित्रकार घेतला. लग्नांची कामे करणारा, हात स्थिर, प्रकाशाची जाण उत्तम. सोबत दोन विद्यार्थी कागद उघडायला. ग्रंथालयातले शिपाई मामा रुमाल कपाटातून आणून देत. मोडी वाचणारे गुरुजी ठरले होते, पण नोंदींच्या कामाला त्यांना दुसऱ्या तालुक्यात बोलावले गेले आणि ते मार्च उलटल्यावर येणार होते. त्यांच्यासाठी थांबायचे की सुरू करायचे? ३१ मार्च डोळ्यांपुढे होता. सुरू केले. हा पहिला चुकीचा निर्णय आणि तो माझा होता.

सात आठवड्यांत अकरा रुमाल झाले. फोटो सुरेख होते. पांढरेशुभ्र तळ, मधोमध कागद, कडा नीट कापलेल्या. मार्चअखेरच्या बैठकीत पडद्यावर दाखवले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलात गुरुजी आले. त्यांनी पहिल्या रुमालातली वीस-पंचवीस पत्रे संगणकावर पाहिली आणि विचारले, “मागची बाजू कुठाय?”

मागची बाजू नव्हती. छायाचित्रकाराने सुरुवातीलाच विचारले होते, “मॅडम, मागं मोकळंच हाय सगळं. काढू का नको?” मी तिथे नव्हते. विद्यार्थ्यांनी दोन-चार कागद उलटून पाहिले, खरेच कोरे दिसले, आणि ‘लिहिलेले असेल तरच काढ’ असे सांगितले. पण मोडी पत्राची घडी घातल्यावर बाहेर येतो तो थोडासा भाग. त्यावर पत्ता असतो, कधी पैवस्तीचा शेरा, म्हणजे पत्र केव्हा पोचले त्याची नोंद. दोन बोटांएवढी जागा, पुसट अक्षर, ‘पै छ’ आणि पुढे मुसलमानी महिन्याचा दिवस. मोडी न येणाऱ्याला तो डाग वाटतो. चिकटवलेल्या लांब बंदांच्या मागे सांध्यावर शिक्का असतो, मधला कागद कोणी बदलू नये म्हणून मारलेला. तोही गेला होता.

कडा कापल्यामुळे आणखी एक नुकसान झाले. समासात शेरे होते, आणि काही कागदांची कड म्हणजे कडच होती की फाटलेला भाग, हे आता फोटोवरून कळत नव्हते. पांढऱ्या तळाचाही त्रास झाला. कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्याने, केलेली भोके पांढऱ्यावर दिसतच नाहीत, अक्षर मध्येच तुटलेले दिसते आणि वाचणारा शाई उडाली समजतो.

छायाचित्रकाराला बोल लावण्यासारखे काहीच नव्हते. त्याला आम्ही ‘छान फोटो काढा’ म्हटले होते, त्याने काढले.

मामांनी सांगितलेली गोष्ट

मागच्या बाजू पुन्हा काढू असे ठरवून आम्ही अकरा रुमाल परत मागवले. तिसरा रुमाल मामांनी टेबलावर ठेवला आणि ते तिथेच उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, ह्यो असा बांधल्याला न्हवता. ह्याच्यात एक जाड दोऱ्याचा गठ्ठा मधी होता, आन् बारक्या चिठ्ठ्या त्याच्या पोटात. मी तीस वर्सं झटकतोय ह्ये.”

कामाला वेग यावा म्हणून दोघे विद्यार्थी एकाच रुमालाचे दोन भाग करून उघडत होते. एकाचे संपले की दुसऱ्याच्या ढिगातले घेत. शेवटी दोन्ही ढीग एकावर एक ठेवून कापड बांधत. कागदांवर क्रमांक नव्हते. दोऱ्यांत ओवलेले लहान गठ्ठे फोटोसाठी सोडले गेले आणि दोरे कचऱ्यात गेले.

दप्तराशी संबंध नसलेल्या वाचकाला यात एवढे काय, असे वाटेल. पत्र तर आहे, फोटोही आहे. पण त्या घराण्याच्या कारकुनाने एका वतनाच्या तंट्याचे कागद एका दोऱ्यात ओवले होते: अर्ज, त्याला आलेले उत्तर, जबान्या, हिशेब. त्यातल्या चिठ्ठीवर ना गाव, ना साल. ‘आपण सांगितल्याप्रमाणे रक्कम पोचली’ एवढेच. दोऱ्यात होती तोवर ती त्या तंट्यातली चिठ्ठी होती. दोरा सुटल्यावर ती कुठलीच नाही. मागची बाजू राहिली ती पुन्हा काढता येत होती. हे पुन्हा करता येणार नव्हते, आणि मामांनी सांगितले नसते तर आम्हाला कळलेही नसते. त्या दिवशी संध्याकाळी मी खोली बंद केली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

थांबायचे की पुढे जायचे

मे महिन्यात बैठक झाली. एक मत असे: अकरा रुमालांत जे झाले ते झाले, उरलेले पन्नास नव्या पद्धतीने करू, अकरांच्या फक्त मागच्या बाजू जोडू. वेळ वाचतो. लोक नोंदींसाठी ताटकळलेले आहेत, हेही त्या बाजूने होते, आणि ते मला हलके वाटले नाही.

दुसरे मत गुरुजींचे. अकरा रुमाल पूर्ण पुन्हा करा, आणि त्याआधी एक महिना कॅमेऱ्याला हात लावू नका. ग्रंथपाल सरांनी खर्चाचा हिशेब विचारला. मी सांगितला. मग ते म्हणाले, पुढच्या वर्षीच्या निधीतून घेऊ, पण या वर्षीच्या अहवालात ‘अकरा रुमाल पूर्ण’ असे लिहायचे नाही, ‘चाचणी’ लिहायचे. पूर्ण झाले म्हणून टाळ्या घेतलेल्या कामाला ‘चाचणी’ म्हणायला धाडस लागते. ते त्यांनी दाखवले, म्हणून पुढचे सगळे झाले.

क्रम परत लावण्याचा प्रयत्न

अकरांपैकी आठ रुमालांचा क्रम फारसा बिघडला नव्हता. तीन पूर्ण विस्कटले होते. इथे कसरीची भोके कामाला आली. किडा गठ्ठ्यातून आरपार जातो, त्यामुळे शेजारशेजारच्या कागदांवर भोक जवळजवळ त्याच जागी आणि त्याच आकाराचे असते. वरून खाली जाताना ते हळूहळू सरकते, लहान होते, बंद होते. पाण्याच्या डागाचेही तसेच. वरच्या कागदावर मोठा, खाली उतरत लहान. राखी तळावर, कडा न कापता काढलेल्या नव्या फोटोंत हे दोन्ही दिसत होते. पांढऱ्या तळावरच्या पहिल्या फोटोंत दिसले नसते. छायाचित्रकाराने मूळ कच्च्या फायली जपून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरच्या वेळेच्या नोंदीही उपयोगी पडल्या: कोणता कागद कोणत्या मिनिटाला टेबलावर आला ते कळले.

गुरुजी, मी आणि मामा तीन आठवडे यावर बसलो. मामांना मोडी येत नाही, पण कोणता कागद ‘वरचा’ हे ते कागदाच्या काळवंडण्यावरून सांगत आणि बहुतेक वेळा भोकांशी ते जुळे. दोन रुमाल बऱ्यापैकी लागले. तिसऱ्यात कसरच नव्हती. चांगल्या स्थितीतला कागद होता, त्यामुळे धागा सापडला नाही. त्या रुमालाच्या नोंदीत आज ‘मूळ क्रम अनिश्चित’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि का, तेही लिहिले आहे.

दुसऱ्या वेळची पद्धत

रुमाल आता एका वेळी एकच उघडतो आणि तो उघडताना गुरुजी किंवा मोडी येणारे दुसरे कोणी हजर असलेच पाहिजे. गाठ सोडण्याआधी बांधलेल्या रुमालाचा फोटो. मग उघड्या गठ्ठ्याचा वरून आणि बाजूने. मग प्रत्येक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक. दोऱ्यातला गठ्ठा सोडायचा असेल तर आधी त्याचे चित्र वहीत काढायचे आणि दोरा कागदाच्या पाकिटात घालून त्यावर रुमालाचा क्रमांक. या सगळ्याला एका रुमालामागे दोन-तीन दिवस जातात आणि त्या दिवसांत एकही फोटो निघत नाही.

यादीही त्याच वेळी होते. कागद कोणाचा कोणाला, विषय, गाव, साल. सालाचा घोळ मोठा, कारण पत्रांत सुहूर सन असते, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिलेले वर्ष. ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणजे पाच, साठ, शंभर, हजार: ११६५. त्यात ५९९ मिळवले की १७६४ येते, पण सुहूर वर्ष मृगाला बदलते, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतचा महिना असेल तर १७६५. म्हणून यादीत ‘१७६४-६५’ असे लिहायचे आणि मूळ शब्द शेजारी जसेच्या तसे ठेवायचे. पहिल्या टप्प्यात एका विद्यार्थ्याने हौसेने थेट इसवी सन लिहून काढले होते, त्यात वर्षाच्या चुका होत्या आणि मूळ शब्द नसल्याने पडताळाही नव्हता.

फोटोंत दोन्ही बाजू, नेहमी. कोरी असली तरी. कागदाभोवती बोटभर तळ दिसलाच पाहिजे. तळ राखी. काळा करून पाहिला होता. त्याने पातळ कागदामागची अक्षरे झाकली जातात खरी, पण भोक शाईच्या ठिपक्यासारखे दिसते.

पावसाळ्यात फोटो बंद. जुलै-ऑगस्ट यादी आणि तपासणीला. वातानुकूलन आता रात्रंदिवस सौम्य चालू ठेवतो. वीजबिलावर कुरबूर झाली, ती ऐकून घेतली.

फायली आणि प्रती

मूळ प्रत टिफ स्वरूपात, म्हणजे प्रतिमेतले काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये. २४ मेगापिक्सेलची आठ बिटची एक फाइल ७२ एमबी, म्हणजे दहा हजार प्रतिमांना ७२० जीबी. वाचकासाठी त्यावरून केलेली लहान जेपेग. फायलीच्या नावात रुमाल, कागद, पान आणि पुढची-मागची बाजू एवढेच. गाव, विषय वगैरे यादीत जाते, कारण वाचन सुधारले की ते बदलते आणि फायलीचे नाव बदलत राहू नये. यादीचे रकाने डब्लिन कोअर या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १५ घटकांत बसवले, म्हणजे पुढे डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवता येतील. प्रत्येक फाइलची चेकसम (फाइल बदलली की बदलणारा पडताळणीचा आकडा) काढून ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी पडताळतो.

तीन प्रती, त्यांतली एक कोल्हापूरबाहेर. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता. तो अनुभव असल्याने या मुद्द्यावर बैठकीत वाद झालाच नाही.

कोणाला काय दाखवायचे

छापील ऐवजाला कायद्याची चौकट स्पष्ट होती. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, निनावी लेखनाला प्रसिद्धीपासून ६० वर्षे. मुदत संपलेले तेवढेच खुले केले. बाकीच्याची जतनासाठी प्रत ठेवली. २०१२ च्या दुरुस्तीने विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला तशी मुभा आहे.

मोडी दप्तराचा प्रश्न कायद्यापेक्षा माणसांचा होता. त्यात घराण्यातल्या स्त्रियांची खासगी पत्रे आहेत. वतनांचे तंटे आहेत, ज्यांचे वारस आजही त्याच गावात समोरासमोर राहतात. जातींबद्दलचे असे शब्द आहेत जे आज कोणीही उच्चारू नयेत. आम्ही असे ठरवले: मूळ मजकुराच्या वाचनात शब्द जसाच्या तसा राहील, पण आम्ही लिहिलेल्या शीर्षकात आणि विषयनोंदीत तो येणार नाही. खासगी पत्रे घराण्याशी बोलून, वाचनालयात बसूनच पाहायची. शाहू महाराजांच्या गावात या मुद्द्यावर हलगर्जी करणे मला व्यक्तिशः सहन झाले नसते.

नोंदींसाठी येणाऱ्यांना यादी खुली आहे आणि प्रतिमाही मिळते. पण ‘सही-शिक्क्याची नक्कल’ आम्ही देत नाही. खासगी दप्तराच्या ग्रंथालयाला तो अधिकार नाही. हे प्रत्येकाला समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तो द्यायला हवा. लांबून एसटीने आलेला माणूस असतो. सरकारी अभिलेख कुठे मिळतात, अर्ज कसा करायचा, याचा एक कागद आता टेबलावरच ठेवला आहे.

निष्पत्ती

पहिल्या टप्प्यातले अकराही रुमाल पुन्हा झाले. हे लिहीपर्यंत एकूण एकोणतीस रुमालांची यादी आणि प्रतिमा पूर्ण आहेत, मूळ वेळापत्रकाच्या निम्म्याहून कमी वेगाने. मूळ कागद वाचकाला देणे त्या एकोणतीस रुमालांपुरते थांबले आहे. वही बदलली: ‘जुने कागद’च्या जागी दर रुमालाला चार-पाच पानांची नोंद आहे. छायाचित्रकार तोच आहे. मोडीची बाराखडी तो शिकला आणि आता ‘मोकळे’ पान तो स्वतः दिव्यापुढे तिरपे धरून बघतो. दोन पैवस्तीचे शेरे गुरुजींच्या आधी त्याने शोधले.

पुन्हा करायचे झाले तर

गुरुजी नसताना रुमाल उघडणार नाही. निधी परत गेला तरी चालेल. तो पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतो.

त्या काळात खर्च करायचाच असेल तर छापील ऐवज आधी घेईन. गॅझेटे, मासिके, चित्रपटांच्या पुस्तिका यांना पृष्ठक्रमांक असतात, क्रम बिघडत नाही, आणि शिकणाऱ्या हातांना सराव होतो. हा पर्याय डिसेंबरातही आमच्या समोर होता. मोडी दप्तर जास्त ‘दुर्मीळ’ म्हणून आम्ही त्यापासून सुरुवात केली, आणि नेमके त्याच कारणासाठी ते शेवटी घ्यायला हवे होते.

पहिल्या शंभर प्रतिमा झाल्यावर काम थांबवून जाणकाराकडून तपासून घेईन. त्या वेळी गुरुजी दुसऱ्या तालुक्यात होते, पण शंभर फोटो त्यांच्या फोनवर पाठवायला अडचण नव्हती. संध्याकाळी त्यांनी पाहिले असते आणि मागच्या बाजूचा प्रश्न सात आठवड्यांऐवजी दोन दिवसांत आला असता.

कंत्राटात ‘पाने’ मोजणार नाही. दिवस मोजेन.

आणि पहिल्या बैठकीला मामांना बोलावेन. आता ते येतात. गेल्या महिन्यात तिसाव्या रुमालाची गाठ सोडण्याआधी त्यांनी सांगितले की या रुमालाला पूर्वी दोन कापडे होती, आतले पिवळे, आणि ते कपाटाच्या खालच्या खणात असेल. ते तिथे होते. त्याच्या एका टोकाला दोऱ्याने शिवलेली कागदाची चिठ्ठी आहे, तिच्यावर मोडीत दोन ओळी. गुरुजी सोमवारी येणार आहेत. तोवर रुमाल बांधलेलाच आहे.